विजेचा ऑर्गन : त्याची रचना, बिघाड व दुरुस्ती

पेटी किंवा पायपेटी कशी वाजते, हें आपल्यापैकीं बहुतेकांस ठाऊक आहे. भात्यांत हवा भरते, पट्टी दाबली कीं त्या हवेस वाट मिळते, आणि वाटेंत बसविलेली पितळेची पातळ रीड थरथरूं लागून स्वर निघतो. एखादा स्वर निघेनासा झाला, तर वरचें झाकण काढून रीडमध्यें अडकलेला केराचा कण दूर केला म्हणजे बहुधा काम भागतें. कारण तेथील बिघाड डोळ्यांस दिसतो. विजेवर चालणाऱ्या जुन्या ऑर्गनची गोष्ट निराळी आहे. त्याची मागची फळी काढली तर शेंकडो तारा, कांचेच्या नळ्या व लहानमोठे डबे दिसतात; पण त्यांतील कोणता भाग निरोगी व कोणता रोगी, हें नुसतें पाहून सांगतां येत नाहीं. म्हणून अननुभवी मनुष्य एक तर घाबरून वाद्य भंगारांत देतो, किंवा धीटपणानें हातीं लागेल तो भाग बदलीत सुटतो. दोन्ही मार्गांनीं वाद्याचा नाशच होतो.

तिसरा मार्ग विचाराचा आहे. कोणते स्वर मुके झाले आहेत आणि कोणते अजून वाजत आहेत हें प्रथम शांतपणें ऐकावें. मग मुक्या झालेल्या सर्व स्वरांना समाईक असा भाग कोणता, हा प्रश्न स्वतःस विचारावा. आणि हात सर्वांच्या शेवटीं घालावा. हा मार्ग कसा चालावा तें दाखविणें, एवढाच ह्या लेखाचा हेतु आहे. उदाहरणासाठीं अमेरिकेंतील हॅमंड ऑर्गन घेतला आहे. कारण त्याची रचना विजेची असूनहि घड्याळासारखी समजण्याजोगी आहे, आणि शाळेंत शिकलेलें गणित व पदार्थविज्ञान तीमध्यें जागोजाग कामास येतें.

१. स्वर आणि संख्या

स्वर म्हणजे हवेचें नियमित कंपन. सेकंदास जितकीं कंपनें अधिक, तितका स्वर उंच. आज सर्वत्र मान्य असलेल्या मापाप्रमाणें मधल्या सप्तकांतील पांढरी सहा ही पट्टी सेकंदास ४४० कंपनें करते. एक सप्तक वर गेलें कीं कंपनें दुप्पट, म्हणजे ८८० होतात. एक सप्तक खालीं आलें कीं निमपट, म्हणजे २२० होतात. सप्तकांतील काळ्या व पांढऱ्या मिळून बारा पट्ट्यांमध्यें हें दुपटीचें अंतर सारख्या प्रमाणांत वांटलेलें असतें. म्हणून कोणत्याहि पट्टीच्या कंपनसंख्येस सुमारें १.०५९५ नें गुणिलें म्हणजे शेजारच्या वरच्या पट्टीची कंपनसंख्या मिळते. एवढें ध्यानांत ठेविलें म्हणजे पुढील सर्व विवेचन सहज समजेल.

२. घड्याळजीची युक्ति

विजेनें संगीत निर्माण करण्याचा पहिला भव्य प्रयत्न थॅडियस केहिल ह्या अमेरिकन गृहस्थानें केला. त्याला १८९७ सालीं पेटंट मिळालें, आणि १९०६ सालीं न्यूयॉर्क शहरांत त्याच्या यंत्राचें संगीत टेलिफोनच्या तारांतून श्रोत्यांपर्यंत पोंचविण्यांत आलें. परंतु क्षीण विद्युत्प्रवाह मोठा करण्याचें साधन त्या वेळीं नव्हतें, म्हणून मुळांतच प्रचंड प्रवाह निर्माण करावा लागे, आणि त्या यंत्राचें वजन सुमारें दोनशें टन भरलें! पुढें निर्वात नळ्यांचा, म्हणजे व्हॉल्व्हचा, प्रसार झाला व ही अडचण दूर झाली. सूक्ष्म प्रवाहहि त्या नळ्यांच्या साह्यानें हवा तेवढा वाढवितां येऊं लागला.

ह्या संधीचा लाभ शिकागोच्या लॉरेन्स हॅमंड यांनीं घेतला. ते गवई नव्हते. विजेचीं घड्याळें बनविणारे इंजिनिअर होते. त्यांच्या घड्याळांत एक विशिष्ट मोटर असे. घरांत येणारी वीज सेकंदास जितकीं आवर्तनें करी, त्यांच्याशीं ताल जुळवून ती मोटर फिरे. दाब थोडा कमीअधिक झाला तरी तिची गति बदलत नसे. अशाच मोटरीनें दांत्यांचीं चाकें फिरविलीं तर त्यांतून निघणारे स्वर कधींहि बेसूर होणार नाहींत, असें हॅमंड यांस दिसून आलें. १९३४ सालीं त्यांस पेटंट मिळालें व १९३५ सालीं पहिले ऑर्गन विकावयास आले. मोठे पाइप-ऑर्गन घेण्याची ऐपत नसलेल्या अनेक प्रार्थनामंदिरांनीं ते घेतले. आणि पुढें लहान, घरगुती नमुनेहि निघाले. त्यांपैकीं एम-३ हा नमुना १९५५ पासून १९६४ पर्यंत व एल-१०० हा १९६१ पासून १९७२ पर्यंत तयार होत होता. चाकांचे ऑर्गन बनविणें १९७५ च्या सुमारास बंद पडलें. म्हणून आज जे आहेत ते सर्व अर्धशतकाहून जुने आहेत.

आंतील रचना अशी. एका लांब पेटींत जुन्या रुपयाहून थोडीं मोठीं अशीं पोलादी चाकें ओळीनें बसविलेलीं असतात. मोठ्या नमुन्यांत ९१, एम-३ मध्यें ८६. प्रत्येक चाकाच्या कडेस ठराविक संख्येचे उंचवटे असतात. कडेजवळ, पण तिला स्पर्श न करतां, एका चुंबकाचें टोंक येतें व त्या चुंबकावर तारेचें वेटोळें गुंडाळलेलें असतें. उंचवटा जवळ आला कीं चुंबकाचें बल वाढतें, दूर गेला कीं घटतें. आणि बदलत्या चुंबकबलामुळें वेटोळ्यांत वीज उत्पन्न होते, हें तर मायकेल फॅरडे यांनीं १८३१ सालींच दाखवून दिलें होतें. सेकंदांत जितके उंचवटे चुंबकापुढून जातील, तितकीं कंपनें त्या विजेंत होतात. व्हॉल्व्हच्या साह्यानें तीच वीज वाढवून कर्ण्यास दिली म्हणजे स्वर ऐकूं येतो.

आतां हिशेब पाहूं. मोटर मिनिटास १,२००, म्हणजे सेकंदास २० फेरे करते. पांढरी सहासाठीं मोटरीच्या आंसावर ८८ दांत्यांचें चाक असून तें ६४ दांत्यांच्या चाकास फिरवितें. म्हणून दुसरा आंस सेकंदास २० × ८८ ÷ ६४ = २७.५ फेरे करतो. त्यावरील स्वरचक्रास १६ उंचवटे असतील, तर २७.५ × १६ = ४४० कंपनें, अगदीं नेमकीं! पांढरी एकसाठीं ८५ व १०४ दांत्यांची जोडी आहे, तिच्यावरून २६१.५४ कंपनें येतात, आणि शुद्ध हिशेबानें २६१.६३ हवीं. म्हणजे फरक एका कंपनाच्या दहाव्या भागाहूनहि कमी. असल्या बारा जोड्या शोधून काढण्यांत हॅमंड यांच्या घड्याळजी बुद्धीची खरी कसोटी लागली.

३. एक चाक, अनेक पट्ट्या

कोणत्याहि वाद्याच्या स्वरांत मूळ कंपनांबरोबर त्यांच्या दुप्पट, तिप्पट, चौपट अशीं कंपनेंहि मिसळलेलीं असतात. बांसरी व सनई एकाच स्वरांत वाजल्या तरी वेगळ्या ओळखूं येतात, त्याचें कारण ह्या मिश्रणाचें प्रमाण. हॅमंड ऑर्गनमध्यें हें मिश्रण वादकाच्या हातीं दिलेलें असतें. पट्ट्यांच्या वरच्या ओळीसाठीं नऊ सरकते दांडे असतात. त्यांस ड्रॉबार म्हणतात. ते अनुक्रमें निमपट, दीडपट, मूळ, दुप्पट, तिप्पट, चौपट, पांचपट, सहापट व आठपट कंपनांचे. जो दांडा जितका बाहेर ओढावा, तितका त्याचा स्वर मिश्रणांत अधिक.

ह्यांतील काटकसर लक्ष देण्याजोगी आहे. प्रत्येक मिश्रणासाठीं निराळें चाक नाहीं. ४४० कंपनांचें एकच चाक पुष्कळांची चाकरी करतें. मधल्या सप्तकांतील पांढरी सहा दाबली तर तें मूळ स्वर म्हणून येतें. खालच्या सप्तकांतील पांढरी सहा, जिचीं कंपनें २२० आहेत, ती दाबून दुपटीचा ड्रॉबार ओढला तरी तेंच चाक बोलतें. त्याच खालच्या सप्तकांतील पांढरी दोन सुमारें १४६.८ कंपनांची, तिच्या तिपटीचा स्वरहि ४४० च्या इतका जवळ पडतो कीं तेथेंहि हेंच चाक वापरलें आहे. घरांत एकच विहीर आणि तिच्यावर तीन रहाट असावेत, तसा हा प्रकार. बिघाड शोधण्याची किल्ली ह्याच गोष्टींत आहे.

४. मुक्या स्वराचा शोध

समजा, मधल्या सप्तकांतील पांढरी सहा मूळ स्वराच्या ड्रॉबारवर वाजेनाशी झाली. दोष कोठें असेल? चाकांत असेल, पट्टीखालच्या संपर्कांत असेल, ड्रॉबारमध्यें असेल, किंवा पुढें आवाज वाढविणाऱ्या भागांत असेल. फळी न उघडतां ह्या चारींचा निवाडा पुढीलप्रमाणें करतां येतो.

पहिली परीक्षा : दुसऱ्या पट्ट्या वाजवून पहाव्या. सर्वच स्वर मुके असतील तर चाकें व पट्ट्या निर्दोष समजाव्या. कारण इतकीं चाकें एकाच दिवशीं बिघडत नाहींत. दोष सर्वांच्या समाईक मार्गांत, म्हणजे वीज आणणाऱ्या दोरींत, मोटरींत, व्हॉल्व्हमध्यें किंवा कर्ण्यांत असला पाहिजे.

दुसरी परीक्षा : मूळ स्वराचा ड्रॉबार ओढून त्या ओळीच्या साऱ्या पट्ट्या दाबाव्या. त्या ड्रॉबारवर एकहि पट्टी बोलत नसेल, पण दुसऱ्या ड्रॉबारवर त्याच पट्ट्या बोलत असतील, तर दोष त्या ड्रॉबारच्या संपर्कांत किंवा त्यास जोडणाऱ्या तारेंत आहे.

तिसरी परीक्षा : पांढरी सहा तेवढीच मुकी आहे, असें ठरलें. आतां खालच्या सप्तकांतील पांढरी सहा दुपटीच्या ड्रॉबारवर व पांढरी दोन तिपटीच्या ड्रॉबारवर वाजवून पहावी. दोन्हीहि मुक्या असतील तर विहीरच आटली, असें समजावें. दोष ४४० च्या चाकांत, त्याच्या वेटोळ्यांत किंवा तेथून निघणाऱ्या तारेंत आहे. दोन्ही स्पष्ट बोलत असतील तर विहिरींत पाणी आहे, रहाटच मोडला आहे. म्हणजे चाक ठीक असून पहिल्या पट्टीचा संपर्क तेवढा धुळीनें किंवा गंजानें अडला आहे.

चौथी परीक्षा : दोन स्वर एकदमच गेले असतील तर त्यांच्यांतील अंतर मोजावें. ह्या यंत्रांत पुष्कळ ठिकाणीं एकाच आंसावर चार सप्तकांच्या अंतराचीं दोन स्वरचक्रें बसविलेलीं असतात. उदाहरणार्थ, ४ उंचवट्यांचें चाक ११० कंपनें देतें व त्याच्याच आंसावरील ६४ उंचवट्यांचें १,७६०. हे दोन्ही स्वर एका वेळीं मुके झाले, तर दोन वेगळे दोष शोधीत न बसतां त्यांचा समाईक आंस अडकला आहे काय, हें पहावें.

पहा, अद्याप एकहि स्क्रू काढलेला नाहीं. तरी संशयित चारांवरून एकावर आला. चांगला वैद्य नाडी, जीभ व डोळे पाहिल्याखेरीज औषध देत नाहीं, तोच न्याय येथें लागू आहे. ह्या परीक्षा करतांना कागदावर टिपण ठेवावें : कोणती ओळ, कोणती पट्टी, कोणता ड्रॉबार, वाजला कीं नाहीं. स्मरणावर विसंबलें तर दहाव्या पट्टीपाशीं गोंधळ होतो.

५. प्राणरक्षणाचा नियम

यापुढील कामें फळी काढून करावयाचीं असल्यामुळें येथें थांबून एक गोष्ट निक्षून सांगितली पाहिजे. व्हॉल्व्हच्या ऑर्गनमध्यें तीनशें व्होल्टांच्या आसपास, व कोठें कोठें त्याहून अधिक, दाब असतो. हा दाब प्राणघातक आहे. वाद्य बंद केलें, दोरी भिंतींतून काढली, तरी कंडेन्सर नांवाच्या भागांत सांठलेली वीज कांहीं वेळ तशीच राहते. विझलेल्या चुलींतील राखेखालीं निखारा असावा, तशी ती असते. म्हणून विद्यार्थ्यांनीं कितीहि उत्सुकता वाटली तरी एकट्यानें फळी काढूं नये, आणि पालकांनीं जाणकार कारागिराखेरीज कोणासहि आंत हात घालूं देऊं नये. कारागीरहि प्रथम दोरी काढतो. नंतर योग्य रेझिस्टर जोडून कंडेन्सर रिकामा करतो. तो रिकामा झाला हें मीटर लावून पाहतो. आणि मगच काम सुरू करतो. ऐकण्याच्या परीक्षा मात्र बाहेर बसून कोणासहि करतां येतात, आणि त्या नीट केल्या तर कारागिराचे अर्धे श्रम व आपला अर्धा खर्च वांचतो.

६. तेल, धूळ आणि उंदीर

जुन्या ऑर्गनचे बहुतेक रोग गूढ नसतात. ते उपेक्षेचे असतात. पुष्कळ वर्षें बंद राहिलेला ऑर्गन एकदम सुरू करूं नये. आधीं दोरीचें रबर तडकलें आहे काय, उंदरांनीं तारा कुरतडल्या आहेत काय, कोठें जळल्याचा डाग आहे काय, हें पहावें.

हॅमंडची चालक मोटर घरांतील विजेशीं ताल धरून फिरत असल्यामुळें अनेक नमुन्यांत तिला स्वतः होऊन आरंभ करतां येत नाहीं. म्हणून दोन बटणें असतात : एक आरंभाचें, दुसरें चालू ठेवण्याचें. आरंभाचें बटण सुमारें आठ सेकंद धरून ठेवावें, म्हणजे लहान मोटर चाकांना वेग देते. मग तें न सोडतां दुसरें दाबावें व आणखी चार सेकंदांनीं पहिलें सोडावें. ही रीत ठाऊक नसल्यामुळें चांगलें वाद्य बिघडलें असें समजून टाकून दिल्याचे प्रसंग घडतात. रीतसर आरंभ करूनहि चाकें वेग धरीत नसतील, तर बहुधा तेल आटलेलें किंवा राळेसारखें घट्ट झालेलें असतें.

तेलाची व्यवस्था मोठी मौजेची आहे. तेल वरच्या पन्हाळींत घालावयाचें. तेथून सुताचे बारीक धागे तें प्रत्येक आंसापर्यंत पोंचवितात. समईची वात जशी तेल वर ओढते, तशीच ही केशाकर्षणाची क्रिया. म्हणून तेल घालतांच गुण येत नाहीं. धागे भिजून तें सर्वत्र पोंचावयास कांहीं दिवस लागतात. वर्षांतून एकदां, त्या यंत्रासाठीं नेमून दिलेलें पातळ तेल थोडेंच घालावें. खोबरेल किंवा दुसरें घरगुती तेल घातलें तर तें घट्ट होऊन धागे कायमचे चोंदतात, आणि जें वाद्य वर्षाला चार थेंबांत चाललें असतें त्यासाठीं पुढें सर्व यंत्र खोलावें लागतें.

पट्ट्यांखालचे संपर्क धुळीनें अडतात. असा अडलेला स्वर वाजतांना खरखरतो, किंवा पट्टी दोनचार वेळां दाबल्यावर बोलूं लागतो. ती पट्टी झटपट वीसतीस वेळां दाबली तर घर्षणानें संपर्क पुष्कळदां आपोआप स्वच्छ होतो. तेवढ्यानें न भागल्यास संपर्क स्वच्छ करण्याचें खास द्रव कारागीर वापरतो. पॉलिश-कागदानें मात्र तेथें कधींहि घासूं नये. त्या संपर्कांवरचा मौल्यवान धातूचा पातळ थर एकदां गेला म्हणजे गेला.

७. घुमणारा आवाज

कित्येक ऑर्गन एकहि पट्टी न दाबतां "घूं" असा आवाज करीत राहतात. हा आवाज घरांतील विजेचा असतो. ती सेकंदास ठराविक वेळां दिशा बदलते. व्हॉल्व्हना मात्र एकाच दिशेची शांत वीज लागते. दिशा बदलणारी वीज एकमार्गी केल्यावर तींत लाटा राहतात, आणि त्या लाटा सपाट करण्याचें काम मोठे कंडेन्सर करतात. पावसाचें पाणी हौदांत सांठवून तोटीनें सारखें सोडावें, तसें हें काम आहे. इलेक्ट्रोलिटिक जातीच्या कंडेन्सरमध्यें ओलसर द्रव्य असतें; तें वर्षानुवर्षें सुकत जातें, हौद जणूं गाळानें भरतो, आणि लाटा कर्ण्यापर्यंत पोंचून घूं घूं ऐकूं येते.

येथेंहि कान साह्य करतो. अमेरिकेंतील वीज सेकंदास ६० आवर्तनांची. तिच्या दोन्ही बाजू एकमार्गी केल्यावर लाटांची संख्या दुप्पट, म्हणजे १२० होते. आवाज १२० चा असेल तर कंडेन्सरवर संशय घ्यावा. तो ६० चा असेल तर लाटा सपाट करण्याचा दोष नसून, जोडणींत दुसरीकडे कोठें तरी घरांतील वीज शिरत आहे, असें समजावें. नवा कंडेन्सर बसवितांना तीन गोष्टी पहाव्या : त्याची धारणशक्ति जुन्याइतकी असावी, तो सोसणारा दाब जुन्याइतका किंवा अधिक असावा, आणि धन व ऋण टोंकें उलट होऊं नयेत, नाहीं तर तो फुटतो. काढण्यापूर्वीं जोडणीचें चित्र काढावें किंवा मोबाइलवर छायाचित्र घ्यावें. एका वेळीं एकच भाग बदलावा, कथलाचा डाख नीट बसला हें पहावें, आणि वाजवून पाहिल्यानंतरच पुढचा घ्यावा. दहा भाग एकदम बदलले आणि नवा दोष उद्भवला, तर तो दहांपैकीं कोणामुळें हें ब्रह्मदेवासहि सांगतां येणार नाहीं.

८. आपल्या देशांत आलेला ऑर्गन

परदेशीं स्थायिक झालेल्या नातेवाइकांकडून अमेरिकन वाद्य येथें आलें, तर एक मोठी मौज होते. आपल्याकडे वीज २३० व्होल्टांची आहे. अमेरिकन ऑर्गन त्याच्या निम्म्या दाबाचा. म्हणून लोक ट्रान्सफॉर्मर लावतात. ऑर्गन वाजतो, पण सर्व स्वर उतरलेले! व्हॉल्व्ह बदलले, कंडेन्सर बदलले, तरी गुण येत नाहीं. कारण वाद्यांत दोष नाहींच. ट्रान्सफॉर्मर दाब कमी करतो. आवर्तनांची संख्या तीच राहते. आपली वीज सेकंदास ५० आवर्तनांची, आणि मोटर ६० शीं ताल धरावयास केलेली. ती मिनिटास १,२०० ऐवजीं १,००० फेरे करते, आणि प्रत्येक स्वर मूळच्या पांच-षष्ठांश होतो. ४४० चे ३६६.७ होतात, म्हणजे पांढरी सहा दाबावी आणि काळी तीनहूनहि किंचित् खालचा स्वर ऐकूं यावा! सर्व स्वर सारख्याच प्रमाणांत उतरले, ह्या एकाच लक्षणावरून विचारी मनुष्य ओळखतो कीं दोष सर्वांच्या समाईक मोटरीच्या वेगांत आहे. ह्यास उपाय म्हणजे ६० आवर्तनांची वीज करून देणारें वेगळें साधन. ५० आवर्तनांच्या देशांसाठीं हॅमंड कंपनी निराळी रचना करीत असे. म्हणून वाद्य घेण्यापूर्वीं पाठीवरची पट्टिका वाचावी.

९. चाकांविना ऑर्गन

पुढें पुष्कळ कंपन्यांनीं चाकें सोडून केवळ विजेच्या मंडलांनीं, प्रथम व्हॉल्व्हच्या व नंतर ट्रान्झिस्टरच्या, स्वर निर्माण केले. त्यांतील सर्वांत प्रसिद्ध पद्धति दुभागणीची. सर्वांत वरच्या सप्तकाचे बारा स्वर उत्पन्न करणारीं बारा मूळ मंडलें असतात, आणि प्रत्येकाच्या खालीं अर्धें करणाऱ्या मंडलांची सांखळी असते. ३,५२० चे १,७६०, त्याचे ८८०, मग ४४०, २२०, ११०, अशी ती उतरते.

ही सांखळी म्हणजे शेताचा पाट. पाट जेथें फुटला त्याच्या वरचीं वावरें भिजतात, खालचीं कोरडीं राहतात. सर्व सप्तकांतील पांढरी सहा मुकी असेल तर पाटाचें मुखच बंद, म्हणजे मूळ मंडल बिघडलें. ८८० पर्यंतचे स्वर वाजतात आणि ४४० पासून खालचे सर्व गेले, तर ८८० चे ४४० करणारा दुवा दोषी. मधला ४४० तेवढा मुका आणि त्याखालचे २२० व ११० ठणठणीत, तर पाट वाहता आहे; केवळ त्या एका पट्टीकडे जाणारी वाट किंवा तिचा संपर्क पहावा. आणि सर्व सप्तकांतील पांढरी सहा सारखीच बेसूर झाली असेल, तर मूळ मंडल जुळवून घ्यावें. खालचीं सर्व सप्तकें आपोआप सुरांत येतात. १९७० नंतरच्या दशकांत तर एकाच लहानशा चकतीवर बाराहि स्वर एकाच वेगवान कंपनापासून निर्माण होऊं लागले; तेथें सर्व वाद्य सारखें उतरलें वा चढलें, तर दोष त्या एका कंपनाचा. यंत्र बदललें, काळ बदलला. परंतु प्रश्न तोच राहिला : मुक्या झालेल्यांमध्यें समाईक काय?

१०. हें शिकावें कशासाठीं?

आज हातांत उचलतां येईल अशा लहान वाद्यांत शेंकडो स्वरप्रकार मिळतात. मग शंभर किलोंच्या आसपास भरणारा जुना ऑर्गन दुरुस्त कशास करावा, असें कोणी विचारील. त्यास पहिलें उत्तर असें कीं, तो दुरुस्त होऊं शकतो म्हणून. त्याचा प्रत्येक भाग उघडून पाहतां येतो, समजून घेतां येतो व बदलतां येतो. पुष्कळ नव्या वस्तू बिघडल्या म्हणजे टाकून देण्यासाठींच केलेल्या असतात. हा तसा नव्हे. दुसरें उत्तर असें कीं, असे ऑर्गन आतां कोणी बनवीत नाहीं, आणि जाणणारे कारागीर वृद्ध होत चालले आहेत. अज्ञानामुळें मोडीत गेलेला प्रत्येक ऑर्गन कायमचा जातो. त्याच्याबरोबर त्याच्या सुट्या भागांनीं ज्यांचा जीव वांचला असता असे दुसरेहि जातात.

परंतु तिसरें उत्तर सर्वांत महत्त्वाचें आहे. ज्या मुलास बिघडलेल्या वाद्यापुढें बसून "काय वाजतें, काय वाजत नाहीं" हें क्रमानें टिपण्याची संवय लागली, तो पंप बंद पडला, दिवे गेले किंवा गणिताचें उत्तर चुकलें तरी गोंधळणार नाहीं. तो आधीं पाहील, मग विचार करील, मग एकच पाऊल टाकील व त्याचा परिणाम तपासील. घरांत जुनें वाद्य, रेडिओ किंवा शिवणयंत्र बंद पडून असेल, तर पालकांनीं तें विकण्यापूर्वीं जाणत्या कारागिरास घरीं बोलवावें आणि तो काम करीत असतां मुलांस जवळ बसवून पाहूं द्यावें. एका दुपारींत तीं जें शिकतील, तें कोणत्याहि पुस्तकाच्या दहा पानांत मावणार नाहीं.

विद्यार्थ्यांसाठीं प्रश्न

१. सेकंदास २० फेरे करणारी मोटर १०५ दांत्यांच्या चाकानें १०८ दांत्यांच्या चाकास फिरविते. दुसऱ्या आंसावरील स्वरचक्रास १६ उंचवटे आहेत. सेकंदास किती कंपनें होतील? तो स्वर मधल्या सप्तकांतील कोणत्या पट्टीचा?

२. ६० आवर्तनांसाठीं केलेला हॅमंड ऑर्गन ५० आवर्तनांच्या विजेवर चालविला. ३३० कंपनांचा स्वर किती कंपनांचा होईल?

३. दुभागणीच्या ऑर्गनमध्यें १,७६० चा स्वर वाजतो, पण ८८०, ४४० व २२० हे तिन्ही मुके आहेत. कोणता दुवा प्रथम तपासाल?

४. हॅमंड ऑर्गनमध्यें मधल्या सप्तकांतील पांढरी एक तिपटीच्या ड्रॉबारवर बोलत नाहीं. दोष चाकांत आहे कीं त्या पट्टीच्या संपर्कांत, हें ठरविण्यासाठीं मूळ स्वराच्या ड्रॉबारवर कोणत्या सप्तकांतील कोणती पट्टी वाजवून पहाल?